सात मिनिटांचा थांबा

तिला कलमताई हे नाव आमच्या हॉस्पिटलच्या कर्मचारी विभागाच्या साहेबांनी दिलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. एका रजेच्या अर्जावरून तिनं त्यांना त्यांच्याच नियमपुस्तिकेतलं चौदावं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेव्हा ते वैतागून ओरडले, "आल्या बघा, कलमताई!" बाहेर बाकावर आम्ही तिघं-चौघं बसलो होतो. आम्हाला ते नाव इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या ॲम्ब्युलन्सवर पोचलं. पुढे तर तिची सासूही फोन करून मला विचारायची, "आमची कलम निघाली का रे तिथून?"

मी नऊ वर्षं तिची गाडी चालवतोय. मी पुढे, ती परिचारिका म्हणून मागे रुग्णाजवळ. अंगानं बुटकी, बांध्यानं भक्कम, आणि स्ट्रेचरची पुढची बाजू धरली की चार मजले उतरेपर्यंत तोंडातून हूं की चूं नाही. तिची एक सवय होती. माणसाला घरातून उचलायच्या आधी ती त्या घरात एक फेरी मारायची. गॅस बंद आहे का, नळ चालू राहिलाय का, चष्मा कुठे आहे. एकदा मी घाई केली तर म्हणाली, "अरे, माणूस परत घरी येणार आहे ना? मग चष्मा नको का त्याला?" आमच्या कामात कोण परत येईल आणि कोण नाही, हे आम्हाला बऱ्याचदा आधीच कळतं. तरी ती प्रत्येकाचा चष्मा घ्यायची.

नियमांचा नाद तिला हौसेनं लागला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सासरे अंथरुणाला खिळले. तिनं रजा मागितली, मिळाली नाही. तीन महिन्यांनी कुणीतरी सांगितलं की घरच्या आजारपणासाठी दहा दिवसांची रजा नियमातच होती, फक्त कोणी मागत नव्हतं. तोवर सासरे गेले होते. तिनं ती पुस्तिका मागून घेतली आणि दोन कॉलच्या मधल्या वेळात, ऑक्सिजनच्या सिलिंडरला पाठ टेकून, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. चार वर्षांनी आम्ही तिला युनियनची चिटणीस केलं. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, हेही खरं.

आता वस्तादांची गोष्ट. वस्ताद म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली, मलाही. गर्दीतून वाट कशी काढायची ते सांगताना म्हणायचे, "भोंगा लोकांच्या कानासाठी असतो, आपल्या रागासाठी नाही." त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यातली एक अशी की घेतली की तासाभरात धाव घ्यावी लागते.

एका दुपारी रुग्णाला हॉस्पिटलात सोडून रिकामी गाडी घेऊन ते परतत होते. वाटेत पेट्रोल पंपावर सात मिनिटं थांबले. नेमका त्याच वेळी कंट्रोल रूमनं कॉल दिला. त्यांनी उचलला नाही, कॉल दुसऱ्या गाडीला गेला. मनगट मोडलेल्या एक बाई होत्या, त्या नीट पोचल्या. पण महिन्याच्या तक्त्यात लाल रंगात आलं: विनापरवानगी थांबा, सात मिनिटं. नोटीस निघाली. तिच्यात 'कारण' असा रकाना होता. वस्तादांनी त्यात लिहिलं, "काही नाही," आणि सही ठोकली.

पंधरा दिवस निलंबन झालं आणि शेवटची वेतनवाढ अडकली.

आम्हाला वाटलं, म्हातारा डुलकी घेत असेल. खरं कारण आम्हाला कळलं ते कलमताईच्या नवऱ्याच्या दुकानात. तो शिंपी. त्याचं दुकान खाली, घर वर. निलंबनाच्या पहिल्याच दिवशी वस्ताद गणवेश घालून, डबा घेऊन त्याच्या दुकानात येऊन बसले. घरी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. शिंपी मुळात मितभाषी माणूस, त्यानं काही विचारलं नाही, की कलमताईला काही सांगितलं नाही. नुसतं बसून काय करायचं म्हणून वस्तादांच्या पुढ्यात शर्ट आणि बटणांचा डबा ठेवला. वस्तादांनी बटणं अशी घट्ट लावली की एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, "शर्ट फाटेल, पण बटण निघणार नाही हो!"

चौथ्या दिवशी मी कलमताईला सोडायला गेलो तेव्हा दुकानात त्यांना बघून दोघंही उभ्या जागी थबकलो.

"वस्ताद, तुम्ही इथे?"

"बस पोरी," ते म्हणाले. मग सुईत दोरा ओवत, आमच्याकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. गोळी, पंप, सात मिनिटं.

"मग हे लिहिलं का नाही?"

"काय लिहू? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी. ज्यांना क्लच दाबायला शिकवला, त्या पोरांनी माझ्या लघवीवर सभा घ्यायची? नाही. आणि तू माझ्या नावानं एक ओळ जरी लिहिलीस ना, तर या दुकानाची पायरी चढणार नाही."

"नाही लिहिणार," ती म्हणाली. पण वर जाताना जिन्यात थांबली. मला म्हणाली, "त्यांचं नाव नको ना? ठीक. बाकीचे साठ जण आहेतच की."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. नाव लिहायचं नाही, फक्त एकच: शिफ्टमध्ये जायची वेळ आली तर काय करता? पुरुषांनी आधी टिंगल केली. कुणी लिहिलं, "देवाचा धावा." कुणी लिहिलं, "बाटली झिंदाबाद." मग हळूहळू खऱ्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. बायकांच्या चिठ्ठ्या वाचताना मात्र माझं हसू थांबलं. बहुतेकींनी एकच लिहिलं होतं, जणू एकमेकींचं बघून: पाणीच पीत नाही.

याच सुमारास वस्तादांची बायको दुकानात येऊन थडकली. हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर 'आता बास' असा भाव. नवऱ्याच्या हातातला शर्ट काढून घेत म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नाही? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डबा दोन माणसांचा उगाच भरते होय? या भाऊजींना काय उपाशी ठेवायचं तुमच्या नाटकापायी?"

शिंप्यानं मान खाली घातली. डबा खरंच दोघांचा यायचा, आणि त्यानं इतके दिवस मुकाट्यानं खाल्ला होता.

"पण मला बोललीस का नाही?" वस्तादांनी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. चाळीस वर्षं झाली थांबतेच आहे." मग ती कलमताईकडे वळली. "लिही गं तू. हे बहुतेकदा गोळी बुडवतात शिफ्टच्या दिवशी. कुठे थांबायला नको म्हणून! उद्या डोक्यात रक्त चढलं तर यांच्याच गाडीतून यांना न्यायचं का?"

हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तादांनी बटणांच्या डब्याचं झाकण लावलं. शेवटी म्हणाले, "लिही. पण शब्द जरा नीट वापर, पोरी."

दर तीन वर्षांनी आमचा करार होतो. त्या वर्षी आमच्या अकरा मागण्या होत्या. ही नववी: एका शिफ्टमध्ये दोनदा दहा-दहा मिनिटं थांबता आलं पाहिजे, कंट्रोल रूमला कळवून. त्यासाठी नोटीस नको, आणि तक्त्यात लाल रंग नको. वस्तादांची तक्रार त्याच फायलीला जोडली. आमचे अध्यक्षच कुरकुरले, "बाई, पगाराची बोलणी आहेत. मध्ये हे काय? लोक हसतील." माझा आवाज मोठा म्हणून मला कमिटीत घेतलेलं, म्हणून मीही टेबलाशी होतो.

आणि हसलेच. नववी मागणी वाचताना साहेबांनी ओठ दाबले, त्यांच्या वकिलांनी चष्मा पुसला. साहेब म्हणाले, "अहो, निघायच्या आधी जाऊन यायचं ना. शाळेतल्या मुलांना सांगतो तसं."

कलमताईनं फाईल मिटली. ती बोलणार म्हणजे एखादं कलम काढणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "साहेब, तीन वर्षांपूर्वी मी एकवीस दिवस रजेवर होते. अर्जात ताप लिहिलं होतं. ताप नव्हता. म्हणजे होता, पण तो कशानं, ते लिहिलं नव्हतं. पाणी न पिता आणि दाबून धरून संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. तुमच्याच हॉस्पिटलात, ज्या खाटांवर मी माणसं आणून ठेवते, त्यातल्याच एका खाटेवर मी होते. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरलाही नाही."

तो ड्रायव्हर म्हणजे मी. एकवीस दिवस मी तिला रोज फोन करून विचारत होतो, ताप उतरला का म्हणून.

"लाज वाटत होती," ती म्हणाली. "आताही वाटतेय. पण मी हे आता सांगितलं नाही, तर उद्या दुसरी कोणी तिथे झोपेल." आणि तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी चार-पाच वाचल्या आणि त्या दिवसाची बैठक आटोपती घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी वेगळाच डाव टाकला: नववी मागणी सोडा, पगारात ठरलंय त्यापेक्षा अर्धा टक्का जास्त देतो.

कलमताई म्हणाली, "हे माझं एकटीचं नाही, विचारून सांगते." गाड्या धुवायच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं. तिनं दोन्ही बाजू अगदी सरळ सांगितल्या, आपली बाजू तसूभरही फुगवली नाही. मग हात वर करायला सांगितले. थांब्याच्या बाजूनं चौतीस. अर्ध्या टक्क्याच्या बाजूनं सत्तावीस.

त्या सत्ताविसांत मी होतो. लेकीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, आणि मी हिशोब केला. हे लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती नेहमीसारखी बसली. अर्धी शिफ्ट झाल्यावर म्हणाली, "हात वर केलास त्याचं मला काही नाही. घर सगळ्यांना आहे. पण माझ्याकडे न बघता केलास, त्याचं वाईट वाटलं."

मी म्हणालो, "बघितलं असतं तर हात वर झाला नसता, ताई."

ती हसली. थोडंसंच, पण हसली.

शेवटच्या बैठकीत गाडं शब्दावर अडलं. वकिलांनी मसुदा वाचला: "वैयक्तिक नैसर्गिक गरजेनिमित्त घ्यावयाचा अल्पविराम."

"अल्पविराम वाक्यात देतात, वकीलसाहेब," कलमताई म्हणाली. "असं लिहिलंत तर उद्या कुणीतरी विचारेल, नैसर्गिक गरज म्हणजे काय? भूक का झोप? आणि पुन्हा एखादा माणूस त्या रकान्यात 'काही नाही' लिहील. लघवी किंवा शौचासाठी थांबणे, असं लिहा."

"करारात? हा शब्द?"

"तुमच्या हॉस्पिटलच्या प्रत्येक तपासणीच्या कागदावर आहे की तो."

यावर कंट्रोल रूमच्या प्रमुख बाई, ज्या पूर्ण वेळ गप्प होत्या, एकदम म्हणाल्या, "लिहा हो. आम्हालाही आठ तास खुर्ची सोडता येत नाही. आमचंही त्यातच घाला." साहेबांनी आपल्याच बाजूच्या बाईंकडे असं पाहिलं, की मला पेन शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकावं लागलं.

कलम तसंच छापून आलं. वस्तादांची नोटीस मागे घेतली, निलंबनाचे दिवस कामाचे धरले आणि वेतनवाढही मिळाली. ते गोळी वेळेवर घेऊ लागले, आणि वर्षभरानं रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले, "पोरांनो," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. पगारवाढ कमीच पडली, आणि पहिली पावती हातात आली तेव्हा काहींनी कलमताईशी बोलणं टाकलं. पुढच्या निवडणुकीत ती पाच मतांनी पडली. मी या वेळी तिलाच मत दिलं होतं, पण एकानं काय होतं. निवडून आलेल्या नव्या चिटणीसाला तिनं कपाटाची किल्ली दिली आणि दोन तास बसवून एकेक फाईल समजावून सांगितली. वाईट वाटलं का म्हणून विचारलं तर म्हणाली, "वाटलं ना. पण आता संध्याकाळी सासूबाईंबरोबर फिरायला जाता येतं. त्या खूश आहेत. त्यांनी मत दिलं असतं तर विरोधातच दिलं असतं."

परवा आम्ही एका आजींना घेऊन निघालो होतो. रेडिओवर दुसऱ्या गाडीवरची नवी परिचारिका कंट्रोल रूमला सांगत होती, "सात नंबर, दहा मिनिटं थांबतेय, लघवीला." इतक्या सहज, जणू पेट्रोल भरायला थांबतेय. तिकडून उत्तर आलं, "ठीक, सात नंबर."

मी मधल्या खिडकीतून मागे पाहिलं. कलमताईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. आजींना उलटी होत होती, आणि ती एका हातानं त्यांचं कपाळ धरून, दुसऱ्या हातानं त्यांचे केस मागे घेत होती.