उंबरठ्यावरचे बारदान

माझी बायको एका सोमवारी सकाळी गेली. दुपारी माती झाली. संध्याकाळी लोक आपापल्या घरी गेले आणि मी अंगणात बसलो.

आमच्या अंगणातून बुरूज दिसतो. गावाच्या मधोमध टेकाड आहे, त्याच्या एका टोकाला तो उभा आहे. गढीचे एवढेच शिल्लक आहे. बाहेरून आलेल्या माणसाला तो मातीचा ढिगारा वाटतो. मलाही बरीच वर्षे तसाच वाटत होता, आणि मी तर याच गावात जन्मलो. लग्न होऊन ती आली, गावातल्या शाळेत शिकवू लागली, आणि एका रविवारी मला म्हणाली, "चला, तुमचं गाव पाहून येऊ." त्या दिवशी मी पहिल्यांदा बुरुजाला हात लावला.

इंझोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. मी वाशीमला वाचनालयात नोकरी करायचो, सकाळच्या बसने जायचो आणि संध्याकाळच्या बसने यायचो. ती दिवसभर गावात असायची. म्हणून माझे गाव माझ्यापेक्षा तिला जास्त कळले, यात नवल नाही. गावात तिला सगळे 'बाई' म्हणत. तिने शिकवलेल्या मुलांची मुले शाळेत आली, तरी ती बाईच राहिली.

चौथीच्या मुलांना ती वर्षातून एकदा बुरुजाखाली उभे करायची. मी रजेच्या दिवशी मागे उभा राहून ऐकत असे. ती सांगायची की गढी आधी झाली आणि गाव नंतर. गढीच्या मालकांनी इथे पांढऱ्या मातीच्या भिंती घातल्या, आत विहीर खणली, धान्यासाठी जमिनीत पेवं खणली. त्या भिंतींच्या आधाराने तेली आले, कुंभार आले, वावर कसणारे आले. लुटारू आले की लोक गुरेढोरे घेऊन आत शिरत आणि दार लागत असे. दुष्काळात पेवं उघडली जात. मग ती थांबायची आणि तितक्याच शांतपणे पुढचे सांगायची. ही माती वर कोणी नेली? गावातल्या लोकांनीच, डोक्यावर टोपली घेऊन. त्यांना त्याबद्दल काही मिळाले का? बहुतेक वेळा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असे ती म्हणायची, आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या.

मग ती मुलांना भिंत जवळून पाहायला लावायची. मातीत ज्वारीचे कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, कालवलेले आहे, ते अजून दिसते. पिवळे पडलेले, पण दिसते. "हे कुटार कोणाच्या वावरातलं असंन?" ती विचारायची. मुले एकमेकांकडे पाहायची. एखादा म्हणायचा, "आमच्या." दुसरा लगेच म्हणायचा, "कायचं तुमचं, तुमचं वावर तं नाल्याच्या तिकडं आहे." यावर ती हसायची. तिला तेच हवे असायचे.

जमिनी गेल्यावर गढीवाले अमरावतीला राहायला गेले. घर रिकामे झाले. पावसाने एकेक भिंत बसत गेली, आणि जे पडले ते गावाने उचलले. चोरून नव्हे, भर दिवसा, बैलगाडीने. कोणी तुळया नेल्या, कोणी दगड, कोणी दाराच्या चौकटी. आणि पांढरी माती तर सगळ्यांनीच नेली. दिवाळीच्या आधी बाया टोपली घेऊन टेकाडावर जात आणि त्या मातीने भिंती पोतारत. गढीची माती भिंतीला धरून राहते, पोपडे येत नाहीत.

मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी ग्रामपंचायतीने ठरवले की उरलेला बुरूज पाडायचा आणि त्याची माती पांदण रस्त्याला टाकायची. ग्रामसभेत फक्त हात वर व्हायचे बाकी होते. तिने ते ऐकले आणि जेवताना एवढेच म्हणाली, "तो राहिला पाहिजे."

तिची कल्पना साधी होती. गढीची कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे ते पाहायचे, मोबाईलवर फोटो काढायचे आणि ग्रामसभेत दाखवायचे. गढी आपल्या घराघरांत आहे हे लोकांना दिसले, तर उरलेल्या एका बुरुजावर ते हात उचलणार नाहीत, असा तिचा हिशोब. शाळा सुटली की ती निघायची आणि मी सोबत असायचो.

पहिल्या दिवशी लोकांनी हौसेने दाखवले. दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलले. एका गोठ्यात दगडी डोणी होती, म्हशी तिच्यात पाणी पीत. आम्ही गेलो तर डोणी पालथी घातलेली, आणि म्हैस तिच्यासमोर उभी राहून तिच्याकडे पाहत होती. सरपंचांच्या भिंतीत कमळ कोरलेला दगड होता, तो मी लहानपणापासून पाहिलेला. त्या जागी ओले सिमेंट होते. "ओल येत होती," सरपंच म्हणाले. तेव्हा उन्हाळा होता.

आमच्या शेजारच्या काकूंकडे गढीच्या आतल्या दाराचा उंबरठा होता. सागवानी, पितळी खिळे ठोकलेला. काकूंनी त्यावर बारदान टाकले होते. बायको त्यात पाय अडकून पडता पडता वाचली.

"काकू, उंबरठ्यावर बारदान कायले?"

"मांजर बसते तिथं."

"तुमच्याकडं मांजर कधी आलं?"

काकूंनी लुगड्याचा पदर दातात धरला. त्या हसत होत्या की रडत, ते मला कळले नाही. मग त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी फोटो काढून राह्यल्या. ते सरकारले जातीन. मंग सायब येतीन, म्हनतीन गढीचा माल काढा. उंबरठा काढला तं चौकट हालन, चौकट हालली तं भिंत पडन. या वयात मी भिंत कुठून आनू?"

"कोणी सांगितलं असं?"

"सारं गाव म्हनून राह्यलं. आन मी म्हनते, बुरूजच नसला तं इचारन कोन? जाऊ द्या ना त्याले रस्त्यात."

ती काकूंच्या शेजारी पायरीवर बसली. मला वाटले, ती समजावून सांगेल. शासन असे काही करत नाही, असे म्हणेल. तिने तसे केले नाही. मोबाईल काढला आणि काकूंच्या समोर एकेक फोटो पुसला. काकूंना मोबाईलमधले काही कळत नव्हते, पण त्या शेवटपर्यंत पाहत राहिल्या.

घरी येताना मी म्हणालो, "आता ग्रामसभेत काय दाखवणार?"

"काही नाही," ती म्हणाली. "लोक भीतीनं हात वर करतील, तर ते बुरूज पाडणं नाही, घर वाचवणं आहे. त्यांची भीती आधी जाऊ द्या."

तिचे हे मला आजही आठवते. मी आयुष्यभर पुस्तकांत वावरलो आणि मला दुसऱ्याला पटवायचे म्हणजे बोलायचे, एवढेच माहीत होते. तिला दुसऱ्याच्या पायरीवर बसायचे माहीत होते.

त्या रात्रीच्या जेवणानंतर तिने मला गढीवाल्यांना फोन लावायला सांगितला. त्या घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ कोर्टाच्या कामासाठी वाशीमला येत, आणि तारीख पुढे ढकलली की बसची वेळ होईपर्यंत आमच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसत. त्यामुळे त्यांचा नंबर माझ्याकडे होता. ती पाच मिनिटेही बोलली नसेल. "तुमच्या वस्तूंना लोक भीत आहेत," ती म्हणाली, "एकदा येऊन चहा घेऊन जा."

ग्रामसभेच्या दिवशी सकाळच्या बसने ते आले. पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी. फाट्यावरून चालत गावात येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. "मालकच आला," असे कोणीतरी पानटपरीवर म्हणाले, आणि टपरी रिकामी झाली.

तिने त्यांना सरळ काकूंच्या घरी नेले. काकू दारात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. बारदान जागेवर होते. ते गृहस्थ थांबले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून बारदान उचलले, त्याची व्यवस्थित घडी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग उंबरठ्यावर हात फिरवला. एका ठिकाणी पितळी खिळा नव्हता, नुसते भोक होते. तिथे त्यांचे बोट थांबले.

"हा खिळा मीच काढला होता," ते म्हणाले. "लहानपणी. आजोबांनी फार मारलं."

काकू म्हणाल्या, "आमी दुसरा नाई ठोकला जी. जसा आनला तसाच ठेवला."

"चांगलं केलं."

काकूंना राहवले नाही. "घेऊन जाता काय मंग?"

"कुठं नेऊ? तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या दाराले उंबरठाच नाही. फरशी आहे, सरळ आत जाते." ते हसले. "हा कोणाच्या तरी पायाखाली आहे, हेच बरं आहे."

काकूंचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. आता त्या नेहमीच्या काकू झाल्या होत्या. "नेता म्हटलं असतं तं मी बी बोलली असती," त्या म्हणाल्या. "माह्या आजसासऱ्यानं तुमच्या गढीवर टोपल्यानं माती चढवली. मी टोपल्यानं खाली आनली. आमच्याच डोक्यानं गेली, आमच्याच डोक्यानं आली. तुमाले काय मेहनत पडली?"

मला वाटले, आता ते रागावतील. ते चौकटीला धरून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "काहीच नाही," ते म्हणाले, "आम्ही नुसते वर बसलो होतो. चहा द्या आता."

चहाला अर्धे गाव आले. दारात गर्दी, पण उंबरठ्यावर कोणी पाय देईना, सगळे ओलांडून येत होते. त्यानंतर ते घरोघर गेले. डोणीच्या गोठ्यात गेले तेव्हा डोणी अजून पालथीच होती. "मी डोणी नेत नाही, मग म्हशीले कायले तहानलेली ठेवता?" एवढेच ते म्हणाले. दोन पोरांनी ती सरळ केली.

सभेत ते मागे बसले. सरपंचांनी बुरुजाचा विषय वाचला आणि विचारले, कोणाला बोलायचे आहे काय. बायकोने हात वर केला नाही. मी तिच्याकडे पाहिले, ती समोर पाहत होती. तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या, पहिल्यांदाच, सभेत. "रस्त्याले माती नाल्यातली टाका," त्या म्हणाल्या, "बुरुजाची माती घराची आहे. रस्त्याले कायले?" कोणीतरी मागून म्हणाले, "काकू, तुमीच म्हनल्या होत्या ना बुरूज जाऊ द्या?" काकू म्हणाल्या, "थे मी नाई म्हनलं. थे मांजर म्हनलं." सभा हसली, सरपंचही हसले. बुरुजासाठी हात मोजावे लागले नाहीत.

एक अट तिने घातली, ती मात्र बोलून. माती न्यायची ती खाली पडलेलीच न्यायची. बुरुजाला टिकाव लावायचा नाही. पाऊस पाडेल तेवढेच आपले. ही अट आजवर कोणी मोडलेली नाही.

नंतर काही दिवसांनी सरपंचांच्या भिंतीवरचे सिमेंट निघाले. कमळाची एक पाकळी त्यात तुटली, बाकीचे आहे. गढीवाले त्यानंतर एकदा आले, नंतर त्यांचे येणे थांबले. पुढची काही वर्षे ती चौथीच्या मुलांना बुरुजाखाली नेत राहिली. निवृत्त झाल्यावरही शाळेने बोलावले की जायची. गढीची गोष्ट सांगताना तिने काकूंची गोष्ट कधी सांगितली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "त्यांच्या नातवंडांसमोर कसं सांगू?"

आमचे घर आता स्लॅबचे आहे. फक्त समोरची एक भिंत मातीची, ती तिने पाडू दिली नव्हती. तिच्या दहाव्यानंतर घर धुवायचे होते. मी बादली घेऊन बाहेर आलो तर काकू आधीच आल्या होत्या. आता त्यांना वाकून चालावे लागते. सोबत सुनेच्या डोक्यावर पांढऱ्या मातीची टोपली. काकूंनी माती भिजवली आणि ती भिंत पोतारली. सून मध्येच म्हणाली, "आई, तुमी बसा, मी करते." काकूंनी ऐकले नाही. शेवटचा हात फिरवून झाला तेव्हा मला म्हणाल्या, "सर, सुकेपर्यंत हात नका लावू."

ती भिंत आता सुकली आहे. जवळ गेले की तिच्यात कुटार दिसते. बुरूज जागेवर आहे, मागच्या पावसात त्याचा पश्चिमेचा कडा थोडा खाली आला. काकूंच्या दारात उंबरठा आहे, त्यात एक खिळा नाही. चौथीची मुले या वर्षीही जाणार आहेत. नवीन मॅडमनी मला सोबत यायला सांगितले आहे.