काहून पायजे?

उभ्या वाशीम जिल्ह्यात पोटात गुपित राहील असा माणूस एकच, आणि ते माझे साडू. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे कोणाच्या घरी काय शिजतंय हे फोडणी बसायच्या आत गावभर झालेलं असतं. अशा मुलखात हे गृहस्थ आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतात आणि साऱ्या पंचक्रोशीचे पासवर्ड सांभाळतात. तेही एका काळ्या पडद्यात. त्यांच्या कॉम्प्युटरवर ना चित्रं, ना बटणं; नुसता काळाकुट्ट पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाऊ, लाइन गेली काय?" माउसला साडू हात लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, जे काय सांगायचं ते मशीनला शब्दांत सांगावं, बोटाने दाखवायला आपण काय मुके आहोत?

त्या पडद्यात पासवर्ड ठेवायचा एक साधा प्रोग्राम आहे. कोण्या भल्या माणसाने तो फुकट देऊन टाकलेला. मुख्य पासवर्ड टाइप करायचा, कोणाचा काय हवा ते लिहायचं, की हवा तो पासवर्ड बाहेर. दुसरा कोणी असता तर तो वापरून गप्प बसला असता. साडूंनी तो सुधारायला घेतला. आधी त्याला वऱ्हाडी शिकवली. आता पासवर्ड मागितला की तो विचारतो, "काहून पायजे?" म्हणजे का हवा आहे? कारण लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि 'असंच' लिहिलं तर म्हणतो, "मंग राहू दे." मग त्यांनी त्याला रागवायला शिकवलं. रिसोडच्या एका सोयाबीनवाल्याने स्वतःच्या पोराचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड ठेवला, तर पडद्यावर उमटलं, "हा त बकरी बी वळखीन." तो बिचारा ओशाळून दुसरा पासवर्ड मोठ्याने सांगू लागला. साडूंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडले, "नोका सांगू! अख्खा स्टँड आयकून राह्यला!" तोवर स्टँडने खरंच ऐकलं होतं. पानवाल्याने तर तो पासवर्ड बरा आहे असा अभिप्रायही दिला.

पण त्यांची सगळ्यात मोठी सुधारणा ही नव्हे. एकदा त्यांच्या मनात आलं, उद्या मी नसलो तर? मुख्य पासवर्ड तर कुठे लिहून ठेवायचा नाही, ही त्यांची आण. म्हणून त्यांनी त्या प्रोग्रामला आणखी एक कुलूप बसवलं. मुख्य पासवर्ड नसला तरी चालेल, पण तीन माणसांनी आपापला एकेक शब्द टाइप केला तरच ते उघडणार. आणि दसऱ्याला, कीबोर्डला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, त्यांनी ते शब्द गुरुमंत्रासारखे कानात दिले. एक ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला. एक जऊळक्याला शेती करणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला. आणि तिसरा मला.

मी शाळेत मास्तर. कॉम्प्युटरसमोर उदबत्ती, कीबोर्डवर झेंडूचं फूल आणि सोवळ्यात बसलेले साडू, हे दृश्य आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायला इतकं झकास होतं की मी मोबाइल काढून व्हिडिओ घेत होतो. साडू माझ्या कानाशी वाकले, काहीतरी म्हणाले. मी मान डोलावली. "सर, ध्यानात राहीन ना?" त्यांनी विचारलं. "दगडावरची रेघ," मी म्हणालो. व्हिडिओला भरपूर हसरे चेहरे आले.

पावसाळ्याच्या तोंडावर साडूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ साफ गेली; डाव्या हाताने लिहायला दिलं तर अक्षर जुळेना. ते दवाखान्यात असतानाच त्यांच्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागला. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत जागा पक्की केली नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. लॉगिनचा पासवर्ड काळ्या पडद्यात, तो बदलावा तर ईमेलचा पासवर्डही काळ्या पडद्यात. आम्ही दुकानात जमलो. थोरले भाऊ सगळ्यांना बाहेर काढून आत गेले आणि आपला शब्द टाइप करून आले. "रोज आंगोय करताना म्हन्तो मी," ते म्हणाले. ताईने पदर सावरला, पडद्याला हात जोडले आणि एकेक अक्षर शोधत तिचा शब्द घातला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

माझ्या डोक्यात झेंडूचं फूल होतं, उदबत्ती होती, हसरे चेहरे होते. शब्द नव्हता. तेवढ्यात व्हिडिओ आठवला आणि मी जिंकल्यासारखा मोबाइल काढून आवाज पूर्ण मोठा केला. साडू वाकताना दिसले, त्यांचे ओठ हलताना दिसले. ऐकू आलं ते फक्त माझं खिदळणं. ताई ऐकत होती. पोर ऐकत होती. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच खिदळणं. थोरले भाऊ हळूच म्हणाले, "बंद करा सर." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी अंदाजाने काहीबाही टाइप केलं. चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या: "सर, इसरले ना? लाजू नका. तुमचा शब्द तुमच्या मंडळीले बी देऊन ठेवला हाय."

माझी बायको इतका वेळ माझ्या मागेच उभी होती. "आधी नाही का बोलायचं?" मी केविलवाणा झालो. "मशीन सांगेस्तोवर तोंड उघडाचं नाई म्हने भाऊजी. तुमाले वाईट वाटन म्हणून," ती म्हणाली, आणि कोपराने मला बाजूला सारून तिने शब्द घातला. प्रोग्रामने विचारलं, "काहून पायजे?" ताईने लिहिलं, "पोरीच्या शाळेसाठी." आणि पासवर्ड आला.

जागा मिळाली. साडूही उठले; हात अजून जड आहे, पण जीभ परतली. परवाच्या दसऱ्याला त्यांनी शब्द बदलले. मी मोबाइल घरी ठेवून गेलो होतो, अंघोळ करून, कान देऊन उभा होतो. त्यांनी ताईच्या कानात सांगितलं, भावाच्या कानात सांगितलं, माझ्या बायकोच्या कानात सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "सर, तुमी नारळ फोडा." मी फोडला.

कधी कधी जेवताना मी बायकोला विचारतो, तेव्हाचा माझा जुना शब्द काय होता गं? आता तर तो बदललाय, सांगायला काय हरकत आहे? ती माझ्या ताटात भाकरी वाढते आणि विचारते, "काहून पायजे?"

मी खाली मान घालून जेवतो.