वहीत नसलेली मोंघी

वही उघडण्याआधी तो उजव्या हाताची दोन बोटे तिला लावायचा, मग स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यांना लावायचा, आणि मग समोरच्या मंडळींकडे असे बघायचा की आता कोणी शिंकले तर त्याचा वंशच बुडणार. पायताणे ओट्याखाली ठेवायला लावायचा. पाण्याचा तांब्या मागायचा आणि घोटही न घेता बाजूला सारायचा. एवढे सोपस्कार झाले की खाकरून म्हणायचा, “पुस्तकमां नथी, वहीमां छे.”

या वाक्याचा मला भयंकर तिटकारा होता. मी शहाद्याच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. जे कुठल्याच पुस्तकात नाही, कागदपत्रात नाही, दगडावर नाही आणि फक्त एका माणसाच्या बासनात आहे, त्याला आमच्या धंद्यात थाप म्हणतात.

हा आमच्या लोकांचा भाट. आमचे पूर्वज कधीतरी गुजरातेतून तापीकाठी उतरले आणि इथे कापूस, ऊस, केळी लावून राहिले. त्यांच्यामागून याचे पूर्वज वंशावळीच्या वह्या घेऊन आले. कापूस वेचून झाला की चार-पाच वर्षांतून एकदा तो प्रकाशा गावाच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावी यायचा. माझे चुलते आप्पा यांच्या ओट्यावर त्याची गादी पडायची. घराघराच्या पिढ्या वाचायच्या, मधल्या काळात जन्मलेले मुलगे लिहून घ्यायचे, धोतरजोडी आणि पोतेभर दादर ज्वारी घेऊन पुढचे गाव गाठायचे, असा त्याचा क्रम. सगळे त्याला रावजी म्हणत. आमच्या अकरा पिढ्यांची नावे ज्याच्या जिभेवर होती त्याचे स्वतःचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि कोणी कधी विचारलेही नाही.

नुसती नावे वाचून तो थांबता तर माझी हरकत नव्हती. पण प्रत्येक नावामागे त्याच्याकडे एक अद्भुत कथा असायची. आमचे मूळपुरुष म्हणे गुजरात सोडताना सोने घेऊन निघाले नाहीत, बैलाच्या शिंगात सरकी भरून निघाले. जिवंत बैलाचे शिंग आतून पोकळ नसते हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण ओट्यावर बसलेले शेतकरी, ज्यांचा जन्म बैलांमागे गेला, ते माना डोलवायचे. दुसरी कथा तर कहर होती. कोणा सरदाराची फौज तापीच्या पलीकडे येऊन ठेपली. अलीकडे वाळूत आमच्या बायकांनी हजारभर पापड वाळत घातले होते. सरदाराला लांबून त्या ढाली वाटल्या आणि फौज आल्या वाटेने परत गेली. मी विचारले, कोणता सरदार? कोणते साल? त्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि तेच वाक्य ऐकवले.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. गावोगावी असतात. त्यांच्या इतिहासात कोणी कधी घाबरून पळालेले नसते, कोणी पटकीने मेलेले नसते, कोणी भावाचा बांध कोरलेला नसतो. आणि ऐकणाऱ्यांचे तर काय सांगावे. ज्यांनी सातवीनंतर पुस्तक हातात धरले नाही ते पूर्वजांच्या पापडांवर मिशा पिळत घरी जायचे.

मी याला उघडे पाडायचे ठरवले. त्याची वही जुन्या गुजराती वळणात लिहिलेली होती. वर रेघ नाही, काना-मात्रा लहर लागली तर. ती लिपी आमच्या गावात त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हती आणि त्याचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एसटीने तळोद्याला जाऊन एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडून ती लिपी शिकलो. भर मे महिन्यात. केवळ एका भाटाला खोटा पाडण्यासाठी एवढी मेहनत घेणारा इतिहासाचा मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल, याचा तेव्हा मला अभिमान वाटत असे.

आता मोंघी फुईबद्दल सांगायला हवे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झाली आणि परत आली. सासरच्यांनी त्यांच्या भाटाला ती कळवलीच नाही. माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून मला फुईनेच वाढवले. मी चार वर्षांचा असताना तापीचे पाणी गावात शिरले. वडील बाहेरगावी होते. फुईने गूळ शिजवायची लोखंडी कढई अंगणात ओढली, मला तिच्यात बसवले आणि कमरेएवढ्या पाण्यातून ढकलत देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेली. मला त्यातले फार थोडे आठवते. कढईचा काळा तळ आठवतो, आणि ती नदीला दटावत होती ते आठवते, “बाजूले सरक माय, मन्हा पोऱ्या शे.” पुढे गुऱ्हाळ बंद झाले आणि ती कढई आमच्या गोठ्यात म्हशीच्या पाण्याला लागली.

फुईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपले नाव वहीत यावे. आमच्यात मुली वहीत लिहीत नाहीत. त्या सासरच्या वहीत कोणाची तरी बायको म्हणून जातात. फुई तिकडेही नव्हती. एकदा रावजी यायच्या सुमारास ती मला म्हणाली, “इकडनी वहीमा नई, तिकडनी वहीमा नई. मी मरनू तं कोना घरनी?” तू मास्तर आहेस, चार लोकांत तुझा शब्द चालतो, तू बोल, असे तिचे म्हणणे. मी हसलो. म्हटले, फुई, त्या थापांच्या बाडात नाव येऊन तुला काय मिळणार? ती वाती वळत बसली.

मग तिने मला वगळून सरळ रावजीलाच गाठले असावे. कारण त्या वर्षी आमच्या घराच्या पिढ्या वाचून झाल्यावर त्याने वही मिटली नाही. म्हणाला, या घरात अजून एक नाव लिहायचे राहिले आहे. आप्पांनी विचारले, कोणाचे? त्याने मोंघीचे नाव घेतले. ओट्यावर कुजबूज झाली. आप्पा सगळ्यांत वडील, त्यांच्या होकाराशिवाय वहीत काही चढत नसे. ते म्हणाले, “आंडेरनं नाव वहीमा कधी लिखं व्हतं का?”

मुलीचे नावही लिहिले होते, रावजी म्हणाला, आणि त्याने कथा सुरू केली. आठव्या पिढीत रतन नावाची मुलगी होती. परत आलेलीच. गावावर दरोडा पडला तेव्हा ती भावाचे बाळ पाठीशी बांधून घोड्यावर बसली आणि तलवार चालवत थेट सातपुड्यात गेली. ते बाळ जगले म्हणून आजचे हे घर आहे. म्हणून तेव्हाच्या पंचांनी रतनचे नाव वहीत लिहिले. एकदा लिहिले तर दुसऱ्यांदा लिहायला हरकत काय?

घोडा, तलवार, पाठीवर बाळ. चौकाचौकातल्या पुतळ्यावरून उचललेली कथा. मला हसू आवरेना. पण मंडळी गंभीर झाली होती, आप्पासुद्धा. त्यांनी दाढी खाजवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुले ती लिपी वाचता येस. दखी सांग.”

ज्या क्षणासाठी मी तळोद्याचे ऊन खाल्ले होते तो असा चालत आला. मी पुढे झालो. रावजीने पान उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीत दोन भावांची नावे होती आणि एका गावाचे. वर नाही, खाली नाही, त्या अख्ख्या पानावर रतन कुठेच नव्हती. मी वर पाहिले. तो माझ्याकडे बघत होता. नेहमीचा दिमाख नव्हता, खाकरणे नव्हते, ते ठरलेले वाक्यही तो बोलला नाही. त्याचे बोट मात्र त्या ओळीवरून हलले नाही. त्याला काय हवे होते ते मला स्वच्छ कळले होते. दाराच्या फटीतून फुईच्या लुगड्याचा काठ दिसत होता, तोही मला दिसला होता. हे दोन्ही मी इथे लिहून ठेवतो, नाहीतर मी अजाणतेपणी बोललो असे तुम्हाला वाटेल.

मी म्हणालो, “इथे असे काही नाही.”

आप्पा हसले. मग सगळेच हसले. रावजीने बासन बांधले, घाई न करता. फुई चहाचे ताट घेऊन बाहेर आली आणि पहिला कप तिने त्याला दिला. मला तिने संध्याकाळी जेवताना सांगितले, “तू खरं तेच बोलना भाऊ. तुले शाळामा मीच धाडं व्हतं.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आले असते.

दुसऱ्या दिवशी गाव सोडण्याआधी रावजी आमच्या मागच्या अंगणात आला. गोठ्यापाशी बाजेवर बसून दुपारभर फुईशी बोलत होता. ती म्हशीला पाणी दाखवत होती, शेण काढत होती, बोलत होती. तो हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होता. वही बांधलेलीच होती. मी खिडकीतून पाहिले आणि मनात म्हटले, एवढी शोभा झाली तरी याला आणखी एक चहा हवाच आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी फुई गेली. म्हातारपणाने, झोपेत. मी तिचे सगळे केले, पण पितृपाटाला, श्राद्धाच्या दिवशी, भटजींनी घराण्यातली नावे विचारली तेव्हा तिचे नाव कोणत्या रांगेत घ्यायचे यावर आप्पा आणि भटजींचा घोळ झाला, आणि शेवटी ते राहूनच गेले. मी तेव्हाही काही बोललो नाही. खरे बोलून झाले होते.

गेल्या हिवाळ्यात भाट आला तो रावजी नव्हता. तिशीतला एक मुलगा मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, बापा गेले. वहीच्या पानांचे फोटो त्याने मोबाइलमध्ये काढून घेतले होते. ना तांब्या मागितला, ना कोणाला पायताणे काढायला लावली. ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. त्याने भराभर पिढ्या वाचल्या, नातवंडांची नावे टाइप करून घेतली आणि आता बापाची एक कथा सांगतो म्हणाला. ही ते सगळ्या गावांत सांगायचे. शेवटी शेवटी तर हीच एक सांगायचे.

मी उठायच्या बेतात होतो.

तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तो म्हणाला. तापीकाठच्या एका गावात एक मुलगी होती, मोंघी. परत आलेली. भावाच्या घरी राहायची. एकदा नदी गावात आली. घरात पुरुष नव्हता, भावाचे चार वर्षांचे पोर होते. मोंघीने गुळाची कढई काढली, पोराला तिच्यात बसवले आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पाणी वाढत होते. तेव्हा तिने नदीला सांगितले, “आघी खस, मा. मारो छोकरो छे.” आणि नदी सरकली.

ओट्यावरच्या तरुण पोरांना कथा आवडली होती. म्हाताऱ्यांच्या माना मात्र डोलत नव्हत्या, खाली गेल्या होत्या.

मी विचारले, हे कोणत्या पानावर आहे? मुलगा मोबाइल खिशात टाकत म्हणाला, “पुस्तकमां नथी, वहीमां पण नथी. बापा मोढेथी, तोंडीच सांगायचे.”

रतनला रावजी घोडा देऊ शकला, तलवार देऊ शकला. मोंघीला त्याने काहीच दिले नव्हते. जे होते तेवढेच सांगितले होते. गावोगाव, माझ्याकडून खोटा ठरल्यावरही, तापीच्या दोन्ही काठांना.

आप्पा आता नव्वदीला टेकले आहेत. पूर आला तेव्हा ते त्याच देवळाच्या पायरीवर उभे होते. कढईतून मला उचलून घेणारे हात त्यांचेच. त्यांना कोणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली आणि सगळ्यांसमक्ष मला विचारले, “मास्तर, हाई खरं शे का?”

तीनशे वर्षांची चूक होती. शाळेतल्या पोराने एवढी चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

“खरं शे,” मी म्हणालो. “ती कढई मन्हा गोठामा शे.”

मुलगा चपापला. बघता येईल का म्हणाला. मी त्याला मागच्या अंगणात घेऊन गेलो. कढईत अर्धे पाणी होते आणि म्हैस नुकतीच पिऊन गेली होती, कडेला फेस होता. मला वाटले आता हा मोबाइल काढेल. त्याने चपला काढल्या, वाकून उजव्या हाताची दोन बोटे कढईच्या काठाला लावली आणि मग मिटलेल्या डोळ्यांना लावली.

तेव्हा मी त्याला त्याच्या वडिलांचे नाव विचारले.