नाईकबाबांच्या ओट्यावरचा कोरा चहा

परवा कशेडी घाटात दरड आली आणि ट्रकांची रांग लागली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. त्याच दुपारी मी आमच्या वाडीवर होते, पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटाशी. विसरायच्या आत लिहून टाकते...

सकाळी दादाचा फोन आला. वाडीच्या वर जमिनीला भेग पडलीय, सगळ्यांना खाली शाळेत आणायचंय, बायका तुझं ऐकतील, चल. मी नर्स, बिरवाडीला खोली घेऊन राहते. सुट्टी टाकली आणि त्याच्या गाडीत बसले.

दादाबद्दल थोडं सांगते. आम्ही कातकरी. आमच्या वाडीतला दहावी पास झालेला पहिला मुलगा तो. फौजेत भरती झाला, तिकडे तंबूत बसून बी.ए. केलं, हवालदार होऊन परतला. मग एम.ए., पीएच.डी. आणि महाडच्या कॉलेजात भूगोलाचा प्राध्यापक... आता पंचायत समितीचा सभापती. घरी मात्र वहिनीने घातलेली चादरीची घडी मोडून अजून फौजेतली घडी घालतो आणि बोलणी खातो.

यातलं काहीच झालं नसतं, जर नाईकबाबा नसते. नाईक म्हणजे आमच्या वाडीचा प्रमुख. बा दादाला कोळशाच्या भट्टीवर घेऊन निघाला होता, तेव्हा यांनीच त्याला अडवलं आणि पोराला शाळेत ठेवायला लावलं.

वाडीत पोचलो तर झऱ्याचं पाणी लालभडक झालेलं. दादा चढून भेग बघून आला. सकाळी वाडीतून आलेल्या फोटोत ती बोट जाईल एवढी दिसत होती, आता तिच्यात हात जात होता. 

तो वाडीच्या मधोमध, सभापती झाल्यावर त्यानेच बांधून घेतलेल्या सभामंडपात उभा राहिला आणि खड्या आवाजात सांगितलं, सामान राहू दे, आत्ताच्या आत्ता खाली चला. कोणी हललं नाही. मग वर्गात शिकवतो तसं माती पाणी कसं पिते आणि डोंगर कसा सुटतो ते समजावलं. शेवटी, घरांचं काही झालं तर मी बघतो, असंही म्हणाला... लोक आपापल्या दारात उभेच.

मी घरोघर फिरले. एरवी माझ्याकडून निमूट इंजेक्शन घेणाऱ्या बायका, पण माझ्याकडे बघेनात. शेवटी एकीने चुलीत फुंकर मारता मारता सांगितलं, "बाबांनी कुटं काय सांगितलंय?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. नाईकबाबा आपल्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. मासे धरायचं जाळं सांधत होते, जसं काही वाडीत कोणी आलेलंच नाही.

आमच्या वाडीची एक रीत आहे. कोणीही आलं की आधी नाईकाच्या ओट्यावर बसायचं, कोरा चहा घ्यायचा आणि मग कामाचं बोलायचं. लग्न असो, मयत असो, चुकायचं नाही. आणि याच वाडीचा मुलगा, गडबडीत थेट सभामंडपात जाऊन उभा राहिला होता.

दादा धावतच तिकडे गेला आणि त्यांच्या दंडाला धरून उठा म्हणाला. नाईकबाबांनी हात सोडवून घेतला.

"मतं मागाया आलास तवा हितं बसलास. च्या प्यालास. आज उभ्या उभ्या हुकूम सोडतोस व्हय रे?"

दादाचा चेहरा पडला. एक क्षण त्याने वर डोंगराकडे बघितलं... आणि खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.  मग तो अनवाणी ओट्यावर चढला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला.

आत चहा ठेवला गेला. लाकडं ओली, धूर नुसता, आधण काही येईना. वरून मधूनच दगड घरंगळल्याचा आवाज यायचा. दादा मान खाली घालून बसलेला, नाईकबाबा जाळ्याची गाठ मारतायत... आणि मी मनातल्या मनात त्या चुलीला, त्या चहाला आणि त्या रीतीला शिव्या घालत होते.

चहा आला. दादाने चटका बसत असतानाही घोट घोट करून संपवला. कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, मी चुकलो. पण डोंगर ऱ्हात नाय आता. वाडी खाली न्यायाची परवानगी द्या."

नाईकबाबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. जाळं गुंडाळून खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि पावसात उतरले. बस्स. मागोमाग अख्खी वाडी निघाली... कोंबड्या, शेळ्या, म्हाताऱ्या, माझ्या हाताला धरून दिवस भरत आलेली एक पोर. दादा सगळ्यात शेवटी, प्रत्येक घरात डोकावून.

शाळेत पोचून माणसं मोजतोय तोवर वरून आवाज आला. तो कसा होता ते मला लिहिता येणार नाही. सगळे होते, एकूण एक.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला तेव्हा शाळेच्या पायरीवरून वाडी दिसली. वरची घरं मातीखाली आणि सभामंडप तर जागेवरच नव्हता. त्याच्यावर दादाच्या नावाची काळ्या दगडाची पाटी होती. माजी सैनिक, प्राध्यापक, सभापती, सगळं कोरलेलं. दादा तिकडे बघत पायरीवर बसला.

नाईकबाबा त्याच्या शेजारी येऊन बसले. "पाटी गेली रे तुजी," ते म्हणाले. "मानसं हायत."

दादा लहान मुलासारखा रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

नाईकबाबा मोबाईल वापरत नाहीत, त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. पण बाबा, तुमच्या त्या कपभर चहाला मी शिव्या दिल्या होत्या... त्या चहाशिवाय आमची वाडी तिथून हललीच नसती.