आत राहिलेला बिल्ला

जयप्रकाश गायधनी अकरा वर्षं एका भोकाशेजारी बसला आणि त्याला त्याचा पगार मिळाला. हसू नका. कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत टाक्या साफ करायला माणसं आत उतरत, तेव्हा टाकीच्या मॅनहोलपाशी एक माणूस बसवलेला असे. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. त्या खिळ्यांवरून नजर हलवायची नाही, एवढंच जयप्रकाशचं काम. १९९३ साली नाशिकहून आल्यापासून त्याच्या पाळीत एकही बिल्ला खिळ्यावर राहिला नव्हता. तो स्वतः मात्र कधीच कुठल्या टाकीत उतरला नव्हता.

आणि अशा माणसाला चाळिशीत समुद्राच्या तळाशी जायची दुर्बुद्धी कशी सुचली, देव जाणे! लहानपणी गंगापूर धरणाच्या गोड्या पाण्यात तो तासन्‌तास डुंबलेला. फिंतासच्या किनाऱ्यावर यूनुस नावाचा एक कुवेती गृहस्थ पाणबुडे तयार करायचा, त्याच्याकडे हा एका शुक्रवारी नुसता चौकशीला गेला आणि अडकला. पहिल्यांदा खाली उतरला, तेव्हा त्याला वाटलं, आपण आजवर पाण्याची नुसती साय पाहिली होती. पाठीवर हवेची जोडनळकांडी बांधून बुडालेल्या जहाजांच्या आत शिरण्याइतका तयार व्हायला त्याला पाच वर्षं लागली.

यूनुसचा नियम सोपा होता. हवेचे तीन हिस्से करायचे. एक आत जायला, एक परत यायला आणि तिसरा सोबत्यासाठी, त्याला हात लावायचा नाही. या नियमाला जयप्रकाशने आपली एक पुस्ती जोडली. भंगाराच्या पितळेचे तीन बिल्ले कापले आणि जहाजात शिरताना ते दाराशी अडकवायचे असं ठरवून टाकलं. तिसरा गडी रियाज, रत्नागिरीचा, अर्दियाच्या गोदामात क्रेन चालवायचा. तो यावरून जयप्रकाशची मनसोक्त टिंगल करी. समुद्रालाही तुम्ही हजेरीपट लावलात, भाऊ, म्हणे. दोनदा तर बाहेर येताना बिल्ला काढायलाच विसरला, आणि जयप्रकाशकडून खरपूस बोलणी खाल्ली.

जयप्रकाशची बायको सरोजिनी हॉस्पिटलात नर्स होती. पाण्याखाली माणसाचं काय काय होऊ शकतं हे तिला पुरतं ठाऊक, त्यामुळे तिने विरोधही केला नाही आणि कौतुकही नाही. शुक्रवारी घरी आला की जयप्रकाश आपला बिल्ला एगैलाच्या फ्लॅटमध्ये दाराजवळच्या खिळ्याला अडकवी. सरोजिनी तो एकदा बघे आणि मगच ताटं मांडी.

२००४च्या नोव्हेंबरात तिघे होडीने एका मालवाहू जहाजावर गेले. १९९१च्या युद्धात बुडालेलं, नऊ-दहा मजले खोल, कुशीवर पडलेलं. बिल्ले दाराशी अडकवले. यूनुस पुढे दोरी सोडत निघाला, मागे रियाज, शेवटी जयप्रकाश. वाकड्या बोळातून ते इंजिनरूममध्ये पोचले आणि जयप्रकाश जागच्या जागी थांबला.

अहो, काय होतं ते! दोन मजली इंजिन आडवं झोपलेलं. जिना भिंतीवरून सरळ चाललेला, दिवे बाजूने उगवलेले. विजेरीच्या उजेडात रुपेरी मासे एका नळातून निघून दुसऱ्यात शिरत होते. एका झडपेचं चाक अर्धंच फिरवलेलं होतं, कुणीतरी ते फिरवता फिरवता सोडून पळालं होतं. अकरा वर्षं लोखंडाच्या बाहेर बसलेला माणूस आज लोखंडाच्या पोटात होता. त्याला आपण देवळाच्या गाभाऱ्यात चपला घालून आल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले, आणि काचेच्या आत ते पुसताही येईनात.

तेवढ्यात रियाजला भिंतीवरचं पितळी घड्याळ दिसलं. त्याने दोरी सोडली, घड्याळाकडे दोन हात मारले, आणि पायांनी तेरा वर्षांचा गाळ उसळला. क्षणात सगळं चहात बुडाल्यासारखं झालं. विजेरी डोळ्यांसमोर धरली तरी दिसेना. अशा वेळी एकच करायचं असतं, दोरी चाचपत बाहेर निघायचं. जयप्रकाश तसाच निघाला. दाराशी येऊन त्याने आपला बिल्ला काढला. मागून दोरीवर एक हात आला, तो यूनुसचा होता.

यूनुसने आपला बिल्ला काढला आणि वर बोट दाखवलं. इंजिनरूमच्या छताला फुटका झरोका होता, रियाज तिकडून निघून होडीच्या दोराने वर गेला असणार, असं त्याचं म्हणणं. तसं होऊही शकत होतं. बिल्ला विसरायची तर रियाजला सवयच होती. पण जयप्रकाशला दारावर लटकणारा तो एक बिल्ला दिसत होता, आणि बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. यूनुसची हवा सरत आली होती. जयप्रकाश मुळात श्वास कमी घेणारा, बसून बसून तशी सवय लागलेली. त्याचा तिसरा हिस्सा अख्खा होता. त्याने आपला बिल्ला पुन्हा रियाजच्या बिल्ल्याशेजारी अडकवला आणि आत शिरला.

आतला अंधार अंगाला चिकटत होता. भीती वाटली का? भयंकर वाटली. इंजिनरूममध्ये पोचल्यावर त्याने एक उलटीच गोष्ट केली, स्वतःची विजेरी झाकली. बऱ्याच वेळाने गाळात खाली कुठेतरी हिरवट उजेड हलला. त्याने दोरीला आपली छोटी दोरी बांधली, तिच्या आधाराने तिकडे सरकला आणि हाताला एक पाय लागला. रियाज पाइपांच्या जाळीत अडकला होता, हवा जवळजवळ संपलेली. जयप्रकाशने स्वतःच्या तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडात दिली आणि आपण गळ्यातली दुसरी लावली. रियाजने पहिला श्वास घेतला तेव्हा त्याच्या छातीचा धक्का जयप्रकाशच्या हाताला जाणवला.

दाराशी आल्यावर त्याने रियाजचा हात धरून त्याचा बिल्ला त्यालाच काढायला लावला. वर जाताना होडीच्या दोराला धरून वीस मिनिटं थांबावं लागलं, अंगातली हवा हळूहळू सुटावी म्हणून. त्या वीस मिनिटांत रियाजने त्याचं मनगट एकदाही सोडलं नाही.

होडीत आल्यावर जयप्रकाशचा हात कमरेकडे गेला. त्याचा स्वतःचा बिल्ला खालीच राहिला होता. जन्मभर दुसऱ्यांना मोजणारा माणूस स्वतःला मोजायला विसरला! तो कुणाला काही बोलला नाही.

पण घरी खिळा रिकामा दिसला, आणि सरोजिनीने विचारल्यावर त्याला सगळं सांगावं लागलं. ऐकून ती खाली बसली.

"म्हणजे तुम्ही अजून आतच आहात," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाण्यात उतरायचं नाही असं वचन घेतलं आणि त्याने ते दिलं. म्हणजे बिल्ला आणायची वाटच बंद झाली. खिळा तसाच राहिला. ताटं मांडताना सरोजिनीची नजर तिकडे जाई आणि जयप्रकाश खाली बघे. रियाजनेही पोहायचं सोडलं होतं. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला की तो मागे फिरे, असं यूनुस सांगे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात रियाज होता, ओल्या केसांचा, ओठ निळे पडलेले, आणि मागे यूनुस. रियाजने जयप्रकाशकडे पाहिलंच नाही. मूठ उघडली, हिरवा पडलेला बिल्ला सदऱ्याला पुसला आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. पहिल्यांदा तो निसटला, दुसऱ्यांदा बसला.

"वहिनी, बघून घ्या," तो म्हणाला. "भाऊ बाहेर आले."

सरोजिनीने बिल्ल्याकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन चार ताटं मांडली.