गादीखालची इस्त्री

माझ्या आतोबांइतका गादीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही. आत्याचे यजमान म्हणून आतोबा. राजुरीला त्यांची चांगली बागायत आहे, दारात ट्रॅक्टर आहे, घरात सुनेने आणलेली वाफेची इस्त्रीही आहे. पण आतोबांचा पायजमा आजही गादीखालीच कडक होतो. झोपण्याआधी ते त्याची घडी अशी घालतात, की बघणाऱ्याला वाटावं पूजाच चाललीय. मग रात्रभर कूस बदलायची नाही. एकदा मुक्कामाला असताना मी त्या गादीवर जरा पसरलो, तर म्हणाले, "ऊठ रं बाबा. तू लई लोळतो. सकाळी मी गावात काय चुरगळलेला फिरू?"

त्यांच्या चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा. त्यापायी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि तो डोळा गेला. याविषयी ते बोलत नाहीत. कुणी विचारलंच तर, "एक डोळा राखीव ठेवलाय," म्हणतात. म्हणून पाचवीतल्या नातीचा, सईचा, नंबर दर तपासणीला वाढू लागला तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती त्यांनीच घेतली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्या दोघांना नेलं. बाईंनी झोपताना घालायच्या लेन्स सुचवल्या. सकाळी काढायच्या, दिवसभर चष्मा नको.

आतोबा खवळले. "झोपंत काय बघायचंय व्हय पोरीला?"

बाईंनी शांतपणे समजावलं. ही कडक लेन्स बुबुळाचा पुढचा भाग रात्रभर हलकेच दाबून सपाट करते आणि तो आकार दिवसभर टिकतो. घालायची सोडली की डोळा पुन्हा पहिल्यासारखा. आहे तो नंबर कायमचा जात नाही, पण वाढायचा वेग बऱ्याच मुलांमध्ये कमी होतो. आतोबांचा चेहरा उजळला. "म्हंजे गादीखालची इस्त्रीच म्हना की! मग आधी न्हाई का सांगायचं?"

तेव्हापासून ते त्या लेन्सचे मुकादम झाले. लेन्सला पाण्याचा थेंबही लागता कामा नये, बाटलीतल्या औषधानेच धुवायची, असं बाईंनी बजावलं होतं. आपल्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यात गोड आहे, हे आतोबांनी एकदा सांगून पाहिलं. बाईंनी डोळे वटारल्यावर विषय सोडला. आता सई लेन्स घालायला बसली की सबंध घराने साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. जेवायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा. आत्या म्हणते, "आवं, लेन्स तिच्या डोळ्यात जानार हाय, पावण्यांच्या न्हाई!"

सईला या सगळ्याचा कंटाळा. मैत्रिणी चष्मा लावतात, मीही लावीन, म्हणून रुसायची. एखाद्या रात्री लेन्स टाळायचीच. टाळली की दुसऱ्या दिवशी लांबचं अंधूक दिसणार, हे ओळखून आतोबांनी रोज सकाळची परीक्षा ठेवली. हायवेच्या कडेला उभं राहून येणाऱ्या एसटीची पाटी तिने वाचायची. वाचली की "बराबर!" म्हणून पाठीवर थाप.

दिवाळीत मीही त्यांच्याबरोबर उभा होतो. कल्याणची गाडी आली. माझ्याकडे बघून डोळा मिचकावत सई ओरडली, "आजोबा, दिल्ली!"

"बराबर!" आतोबांनी थाप दिली.

सई खुदकन हसली आणि मध्येच थांबली. गाडी पाटीसकट आमच्या समोरून गेली, तरी आतोबा समाधानाने तिकडे बघत होते. उरलेल्या डोळ्यानेही आता पाटी दिसत नाही, हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. सईने त्यांचा हात धरला.

"आजोबा, चुकलं माझं. कल्याणची व्हती."

"व्हय? मला बी जरा शंका आली व्हती."

आता पाटीवर काहीही सांगितलं तरी खपणार, हे सईला कळलं होतं. तरी त्या दिवसापासून तिने एकदाही लेन्स टाळलेली नाही. हल्ली ती पाटी वाचते, मग खिडकीत कोण बसलंय, कुणाच्या मांडीवर कोंबडी आहे, तेही सांगत बसते. आतोबा कडक घडीच्या पायजम्यात उभे राहून सगळं ऐकून घेतात आणि शेवटी "बराबर" म्हणतात.