गुरुवारची ग्रामसभा
कंपनीचा भोंगा ऐकला की मला आमच्या गावची शेवटची ग्रामसभा आठवते. गाव नव्या नगरपालिकेत घालायला सरपंचांचा कडक विरोध होता. त्यांचं भाषण नेहमी साडेतीनच्या भोंग्यालाच थांबायचं. कामगारांनाही येता यावं म्हणून त्यांनी सभा गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला ठेवली. त्या दिवशी भोंगाही गप्प असतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सरपंच गावाचा इतिहास पांडवांपासून सांगू लागले. उन्हं कलली, गोठ्यांत म्हशी रेकू लागल्या, तरी पांडव अजून वनवासातच! शेवटी सरपंचांचीच म्हातारी आई कडाडली, "आरं, जाऊ दे गाव नगरपालिकेत, पर आमाला घरी जाऊ दे!" भराभर हात वर झाले. आता नातू विचारतो, आपण शहरात कधी आलो? मी सांगतो, एका गुरुवारी, धारा काढायच्या वेळी.